मांजर घराचं की माणसाचं?

संध्याकाळी मी वाचत बसले की चिंगी येते, माझ्यापासून दोन-तीन हातांवर बसते आणि माझ्याकडे पाठ करते. रोज. नवख्या माणसाला हे बघून हटकून वाटतं, की मांजर रुसलंय किंवा त्याला माझी काही पडलेली नाही. "कुत्रं असतं तर पायाशी लोळलं असतं," असंही वर ऐकायला मिळतं. मला मात्र ती पाठ बघून बरं वाटतं. का, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. जवळजवळ दहा हजार वर्षं.

जुनी माणसं म्हणतात, कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. म्हणजे माणूस गेला तरी मांजराला फरक पडत नाही, त्याला घर हवं असतं. हे म्हणणं पूर्ण खोटं नाही. पण त्यातून मांजर स्वार्थी, मतलबी, दुधापुरतं गोड असा जो अर्थ काढला जातो तो मला अन्यायाचा वाटतो. मांजराला माया नसते असं मानणारे बहुतेक लोक ती माया कुत्र्याच्या खुणांनी शोधत असतात. मांजराच्या खुणा वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या का झाल्या याला कारणं आहेत.

उंदीर वाटून खाता येत नाही

कुत्रा लांडग्याच्या कुळातला. लांडगे टोळीने राहतात, आपल्यापेक्षा मोठं जनावर मिळून पाडतात आणि मिळून खातात. टोळी सुटली तर एकट्या लांडग्याचे हाल होतात. म्हणून दुसऱ्याचा चेहरा वाचणं, त्याची मर्जी राखणं, भांडण झालं तर पडतं घेऊन ते मिटवणं हे सगळं त्यांच्या रक्तातच आहे. माणसाने पुढे हजारो वर्षं राखण, शिकार, मेंढ्या वळवणं अशा कामांसाठी कुत्रे निवडून निवडून वाढवले. माणसाकडे बघत राहणारा कुत्रा त्यातून घडला.

मांजराची गोष्ट निराळी. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात आजही एक रानमांजर सापडतं, त्याच्या शास्त्रीय नावात 'लिबिका' हा शब्द येतो. जगभरातली घरगुती मांजरं त्याच्यापासून आली, हे २००७ साली सुमारे हजार मांजरांच्या जनुकांच्या तपासणीतून स्पष्ट झालं. हे रानमांजर एकटं राहतं आणि एकटं शिकार करतं. त्याचं भक्ष्य म्हणजे उंदीर, सरडा, लहानसा पक्षी. एक उंदीर म्हणजे एका मांजराचा एक घास-दोन घास. तो चौघांत वाटण्याजोगा नाही, आणि तो पकडायला चौघांची गरजही नाही. सिंह मांजराच्याच कुळातला, पण तो कळपात राहतो, कारण त्याची शिकार साऱ्या कळपाला पुरते. कुणाबरोबर राहायचं हे पुष्कळदा पोटच ठरवतं.

एकट्या शिकाऱ्याला टोळीची मर्जी राखावी लागत नाही, त्यामुळे भांडण मिटवण्याच्या खुणाही त्याच्याकडे फारशा नाहीत. ओरडा खाल्लेला कुत्रा कान पाडतो, शेपूट घालतो, पोट दाखवतो. मांजर अशी मनधरणी करत नाही. ते निघून जातं. दोन मांजरांचं बिनसलं तर त्यांचा मुख्य उपाय अंतर राखणं हाच असतो. म्हणून मांजराला रागावून काही शिकवायला जाणं फुकट आहे. त्याला चूक कळत नाही, एवढंच कळतं की हा माणूस अधूनमधून धोक्याचा होतो. पुढच्या वेळी ते दोन हात लांब बसतं. आपण म्हणतो, बघा किती मुजोर.

मग असा एकलकोंडा प्राणी माणसाजवळ आला कसा? शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरं. त्यांना कुणी बांधून आणलं नव्हतं. ज्यांना माणसाचा वास, धूर, गडबड सोसवली त्यांना वस्तीच्या कडेने भरपूर खायला मिळालं, त्यांची पिल्लं जगली. जी बुजरी होती ती रानातच राहिली. पिढ्यानपिढ्या हेच चाललं. २०१४ साली शास्त्रज्ञांनी घरगुती आणि रानटी मांजरांचे जीनोम, म्हणजे जनुकांचे सगळे आराखडे, शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा फरक तसे थोडेच निघाले, पण त्यांतली काही जनुकं भीतीशी आणि खाऊच्या मोबदल्यात शिकण्याशी संबंधित होती. दात, नख्या, कान, शिकारीची नजर सारं तसंच राहिलं. बदललं ते प्रामुख्याने भय.

आणि नातं नुसतं उंदरांपुरतं राहिलं नसावं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्यात माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर आठेक महिन्यांच्या मांजराचा सांगाडा होता, नीट ठेवलेला. सायप्रसवर मुळात मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी ती होडीत घालून समुद्रापार नेली होती. त्या माणसाचं नाव, भाषा, देव आपल्याला काहीच ठाऊक नाही. पण मांजर त्याच्या शेजारी पुरावं असं कुणाला तरी वाटलं होतं.

रंगरूप पाहून ठरवून मांजरांच्या जाती तयार करणं हे फार अलीकडचं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं ते १८७१ साली. त्याआधीची हजारो वर्षं मांजरांनी आपले जोडीदार आपणच निवडले, आणि आजही जगातल्या बहुसंख्य मांजरांबाबत हेच खरं आहे. एवढा मोकळा राहिलेला पाळीव प्राणी दुसरा क्वचितच असेल.

पहिले काही आठवडे

एकलकोंडं असणं म्हणजे समाज नकोच असणं, असं मात्र नाही. जिथे खाणं मुबलक असतं तिथे मांजरी एकत्र राहतात. बहुधा त्या आया, मुली, बहिणी अशा नात्यातल्या असतात. एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, चाटतात, राखतात. तेव्हा जवळीक करण्याची ताकद मांजरात आहे. ती माणसाकडे वळणार की नाही, हे बरंचसं ठरतं पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना.

या दिवसांत पिल्लाच्या मनात 'आपलं' आणि 'परकं' यांची यादी तयार होत असते. रोज प्रेमाने हाताळलं गेलं, वेगवेगळ्या माणसांचे आवाज कानावर पडले, की माणूस 'आपलं'च्या यादीत जातो. १९८०च्या दशकात आयलीन कार्श यांनी केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की दिवसाला १५ मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा ४० मिनिटं हाताळलेली पिल्लं पुढे माणसाकडे लवकर येतात आणि जास्त वेळ थांबतात. रक्ताचाही वाटा आहे. धीट, माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं जास्त धीट निघतात, आणि बापाने तर त्या पिल्लांचं तोंडही पाहिलेलं नसतं. म्हणजे तो गुण शिकवणीतून आलेला नाही, वारशात आलेला आहे.

चिंगी माझ्याकडे आली तेव्हा तीन महिन्यांची होती आणि तोवर तिला कुणी हात लावला नव्हता. पहिले अकरा दिवस ती कपाटाखाली होती. रात्री खायची, मातीच्या ट्रेमध्ये जायची, पहाटे परत कपाटाखाली. मला हा दोन ते सात आठवड्यांचा हिशेब तेव्हा माहीत असता तर मी स्वतःला एवढा बोल लावला नसता.

रस्त्यावरच्या मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्यांसाठी तर ही गोष्ट फार मोलाची आहे. त्या मांजरांत दोन तऱ्हा असतात. काही कधीतरी घरात वाढलेली, हरवलेली किंवा सोडून दिलेली. ती घाबरलेली असली तरी काही दिवसांत पायाला अंग घासू लागतात. दुसरी जन्मापासून माणसाच्या हातापासून दूर राहिलेली. ती मोठी झाल्यावर मांडीवर येतील ही आशा बहुधा फोल ठरते, आणि त्यांना धरून घरात कोंडणं म्हणजे भीतीच्या खाईत लोटणं. पण त्यांच्याशीही नातं जुळतं. ठरल्या वेळेला भिंतीवर येऊन बसलेली, तुमच्याच पावलांची चाहूल घेणारी, दुसरं कुणी आलं की पसार होणारी आणि तुमच्या समोर मात्र डोळे अर्धवट मिटून खाणारी मांजर तुम्हाला ओळखत असते. दहा फुटांचं ते अंतर तिने ठरवलेलं असतं. तुम्ही ते मोडत नाही, हाच तिच्या लेखी तुमचा चांगुलपणा. अशा मांजरांचं खरं भलं करायचं तर खाण्याइतकंच नसबंदीकडे बघायला हवं. पकडून, शस्त्रक्रिया करून, कानाचं टोक किंचित कापून पुन्हा त्यांच्या जागी सोडतात. कापलेला कान लांबूनही दिसतो, त्यामुळे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही. पिंजऱ्यात सापडलेल्या त्या एका दिवसाबद्दल मांजर तुमच्यावर काही काळ नाराज राहील. ती नाराजी सोसण्यासारखी आहे.

म्याँव कुणासाठी?

पिल्लू आईला बोलवायला म्याँव म्हणतं. मोठी मांजरं एकमेकांशी मात्र म्याँवने फारसं बोलत नाहीत. वास, शेपूट, कान आणि अंगाची ठेवण यांवर त्यांचं भागतं. भांडताना फिस्कारतील, माजावर आल्या की कळवळून ओरडतील, पण साधं म्याँव त्यांनी जवळपास माणसासाठी राखून ठेवलेलं आहे. हे मला फार हृद्य वाटतं. आपण वास घेऊन बोलणारे नाही, तोंडाने सतत बडबडणारे आहोत, हे ओळखून त्यांनी बाळपणीचा आवाज मोठेपणीही वापरात ठेवला.

निकोलस निकास्त्रो या संशोधकाने घरगुती मांजरांचे आणि आफ्रिकी रानमांजरांचे आवाज लोकांना ऐकवले, तेव्हा घरगुती मांजरांचा आवाज लोकांना जास्त गोड वाटला. त्यांच्याच दुसऱ्या एका कामात मात्र असंही दिसलं, की अनोळखी मांजराचं म्याँव ऐकून ते भुकेचं आहे की दार उघडण्याचं, हे माणसांना अंदाजापेक्षा थोडंसंच बरं सांगता येतं. यात नवल नाही. म्याँवचा ठराविक शब्दकोश नसतो. प्रत्येक घरात एक मांजर आणि एक माणूस मिळून आपली बोली घडवतात. कुठल्या स्वराला दार उघडतं, कुठल्या स्वराला ताटली भरते, हे मांजर करून पाहतं आणि लक्षात ठेवतं. त्या घरापुरती ती बोली पक्की, शेजारच्या घरी तिचा उपयोग शून्य.

घुरघुरीचं तसंच. आनंदात मांजर घुरघुरतं हे खरं, पण आजारी असताना आणि वितानाही घुरघुरतं, म्हणून नुसत्या घुरघुरीवरून मांजर खुशीत आहे असं धरून चालू नये. २००९ साली कॅरेन मॅकोम्ब यांच्या गटाला सापडलं, की काही मांजरं खाणं मागताना नेहमीच्या खोल घुरघुरीत एक बारीक, उंच स्वर मिसळतात. त्याची कंपनसंख्या तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या टापूत येते. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही ती घुरघुर निकडीची वाटली. आणि जी मांजरं एकाच माणसाच्या निकट सहवासात राहत होती त्यांच्यात ही युक्ती जास्त दिसली.

बाकीच्या खुणा मुक्या आहेत. शेपूट दांडीसारखी ताठ उभी करून येणं ही मैत्रीची सलामी. पिल्लं आईकडे अशीच जातात. गाल आणि अंग पायाला घासणं म्हणजे आपला वास तुमच्यावर ठेवणं, तुमचा आपल्यावर घेणं. एकत्र राहणाऱ्या मांजरांचा मिळून एक वास तयार होतो, त्यात तुम्हाला सामील करून घेतलेलं असतं. मांडीवर पुढचे पंजे आळीपाळीने दाबत कणीक तिंबल्यासारखं करणं ही दूध पितानाची जुनी सवय. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे डोळे. रोखून बघणं हे मांजरांत आव्हान असतं. उलट डोळे हळूहळू बारीक करत मिटणं म्हणजे शांतता. २०२० साली ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलं. माणसाने मांजराकडे बघून असे डोळे सावकाश मिटले तर मांजरंही तसंच करत होती, आणि कोऱ्या चेहऱ्याच्या अनोळखी माणसापेक्षा डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे ती जास्त येत होती. कपाटाखालच्या चिंगीशी माझं पहिलं बोलणं असंच झालं. मी जमिनीवर आडवी झाले, बाजूला नजर ठेवली, मग तिच्याकडे बघून हळूच डोळे मिटले. चौथ्या की पाचव्या रात्री तिने उत्तर दिलं.

खोलीतली सहा मिनिटं

आता मूळ प्रश्न. या सगळ्या खुणांमागे खरी ओढ आहे, की सवय?

तान्ह्या मुलांची ओढ मोजायला मानसशास्त्रात एक जुनी पद्धत आहे. आई मुलाला घेऊन अनोळखी खोलीत येते, मग बाहेर जाते, मग परत येते. महत्त्वाचं असतं ते मूल परतलेल्या आईशी कसं वागतं हे. ज्याचं नातं आश्वस्त असतं ते मूल आईला भेटतं, शांत होतं आणि परत खेळायला जातं. ज्याचं नसतं ते चिकटून बसतं, सुटतच नाही, किंवा आईला टाळतं. ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाली आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग मांजरांवर केला: दोन मिनिटं माणसाबरोबर, दोन मिनिटं एकटं, दोन मिनिटं पुन्हा माणसाबरोबर. २०१९ साली निष्कर्ष आले. पिल्लांपैकी ६४.३ टक्के आणि मोठ्या मांजरांपैकी ६५.८ टक्के आश्वस्त गटात बसली. माणसांच्या मुलांतही हे प्रमाण साधारण ६५ टक्क्यांच्या आसपास असतं.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. आश्वस्त मांजर म्हणजे कोणतं? तुम्ही परत आल्यावर येऊन भेटणारं आणि मग तुम्हाला सोडून खोली हुंगायला जाणारं. जे मांजर जाताना बघून आपण म्हणतो, "झालं, गेलं आपल्या वाटेने," तेच. तुमच्या असण्याने त्याचा जीव इतका निवांत झालेला असतो की आता त्याला तुमच्याकडे बघत राहायची गरज उरत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ साली ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठात अॅलिस पॉटर आणि डॅनियल मिल्स यांनी २० मांजरांवर असाच, पण जास्त काटेकोर प्रयोग केला. त्यात मालकाच्या जोडीला अनोळखी माणूसही होता. मालक निघून गेल्यावर मांजरं जास्त ओरडली, पण बाकीची वागणूक आश्वस्त ओढीच्या व्याख्येत बसली नाही. त्यांचं म्हणणं असं, की मांजर स्वयंपूर्ण असतं, सुरक्षित वाटण्यासाठी ते माणसावर अवलंबून नसतं. नातं असेल, पण त्याचं रूप वेगळं आहे.

दोन्ही वाचून माझं मत असं झालं आहे: भांडण मायेबद्दल नाही, मोजपट्टीबद्दल आहे. मुळात अनोळखी खोलीत नेणं हेच मांजरासाठी मोठं संकट. कुत्र्याला नवी खोली म्हणजे नवे वास, मांजराला नवी खोली म्हणजे अंगावर आलेला अनोळखी मुलूख. तिथे ते कसं वागतं यावरून घरातलं नातं किती कळणार? म्हणून मला घरात केलेले साधे प्रयोग जास्त बोलके वाटतात. अत्सुको साइतो यांनी २०१३ साली मांजरांना आधी अनोळखी माणसांच्या हाका ऐकवल्या, मग मालकाची. मालकाच्या हाकेला कान वळले, मान वळली. मांजर उठून मात्र आलं नाही. 'ओळखतं, पण येत नाही' हे पाळणाऱ्यांचं गाऱ्हाणं अक्षरशः खरं निघालं, आणि त्यातला अर्धा भाग आनंदाचा आहे हे आपण विसरतो. २०१९ साली त्यांनीच दाखवलं, की मांजरं आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. २०२१ साली क्योतोच्या साहो ताकागी यांनी मालकाचा आवाज आधी एका जागेवरून आणि लगेच दुसऱ्या, लांबच्या जागेवरून ऐकवला. माणूस इतक्यात तिकडे पोचलाच कसा, अशी मांजरं चकित झालेली दिसली. म्हणजे तुम्ही दुसऱ्या खोलीत असता तेव्हाही मांजराच्या डोक्यात तुमची एक जागा असते. आणि स्वीडनमधल्या २०१७च्या एका अभ्यासात अर्ध्या तासाऐवजी चार तासांनी परतलेल्या माणसापुढे मांजरं जास्त घुरघुरली, जास्त आळोखेपिळोखे देत आली.

खाण्यापुरतं प्रेम, हा आरोपही तपासून झालेला आहे. व्हिटाली यांच्याच २०१७च्या कामात मांजरांपुढे खाणं, खेळणं, वास आणि माणसाचा सहवास असे पर्याय ठेवले होते. निम्म्या मांजरांनी पहिली पसंती माणसाला दिली. खाण्याला ३७ टक्क्यांनी.

जवळ यायचं कुणी ठरवायचं

झ्युरिकचे डेनिस टर्नर यांनी आयुष्यभर मांजरं आणि त्यांची माणसं बघितली. त्यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मांजरवाल्याला सांगते. माणसाने उचलून सुरू केलेली भेट लवकर आटोपते, मांजराने येऊन सुरू केलेली भेट लांबते. आणि ज्या घरात माणूस मांजराच्या मागणीला मान देतो, तिथे मांजरही माणसाच्या मागणीला जास्त मान देतं. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी वाढत जातो किंवा दोन्ही बाजूंनी आटत जातो.

यामागेही तीच जुनी शिकारी-एकटेपणाची गोष्ट आहे. मांजर शिकारी आहे, पण लहान आहे. मोठ्या जनावरांचं ते भक्ष्यही आहे. वरून येणारा हात, चारही पाय जमिनीवरून सुटणं, घट्ट मिठी, या गोष्टी त्याच्या शरीराला पकडले गेल्यासारख्या वाटतात. माया करणारा हात आहे हे त्याला कळत असलं तरी सुटायची वाट आहे ना, हे ते आधी बघतं. म्हणून बोट पुढे करावं आणि थांबावं. त्याने गाल घासला तर गालावर, कानामागे, हनुवटीखाली खाजवावं. शेपटीच्या मुळाशी आणि पोटाला हात लावणं बहुतेक मांजरांना आवडत नाही. तीन-चार सेकंदांनी हात मागे घ्यावा. त्याला आणखी हवं असेल तर ते हात शोधत येतं. शेपटी फटकारू लागली, कान बाजूला वळले, पाठीची कातडी थरथरली, तर पुरे झालं म्हणून समजावं. उलटं पडून पोट दाखवणं हे विश्वासाचं लक्षण आहे, पण त्या पोटाला हात लावायचं ते आमंत्रण नाही. किती तरी ओरखडे या एका गैरसमजातून निघतात.

आणि घर? जुन्या म्हणीतला खरा भाग इथे आहे. एकट्या शिकाऱ्याचा जीव त्याच्या मुलखात असतो. कुठे उन्ह येतं, कुठे लपता येतं, कुठल्या कोपऱ्याला आपला वास आहे, हा नकाशा म्हणजे त्याची टोळी. घर बदललं की कुत्रं माणसाकडे बघून सावरतं, मांजराचा मात्र सगळा नकाशाच पुसला जातो. म्हणून नव्या घरात त्याला आधी एकाच खोलीत ठेवावं, जुनं न धुतलेलं अंथरूण द्यावं, आणि खोली त्याची झाली की मग दार उघडावं. या दिवसांत ते ज्याच्या पांघरुणात शिरतं तो माणूस त्याच्या पुसलेल्या नकाशातली शिल्लक राहिलेली जागा असतो. मांजर घराचं असतं, पण त्याच्या घरात आपणही मोडतो.

स्वतंत्र प्राण्याशी नातं असण्यात एक धोकाही आहे. मांजर दुखणं लपवतं. ते भक्ष्यही असल्यामुळे अशक्तपणा दाखवणं त्याच्या अंगवळणी पडलेलं नाही. त्यामुळे 'मांजराचं मांजर बघून घेईल' हा समज जिवावर बेततो. त्याने दिवसभर काही खाल्लं नाही तर वाट बघत बसू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं. बोका मातीत जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच तासाला डॉक्टर गाठावा. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, अर्धी सुद्धा. बाकी दुखण्यांची चाहूल फार बारीक असते: उडी मारताना जरा थबकणं, अंग चाटणं कमी होणं, नेहमीची जागा बदलणं. डॉक्टरला हे दिसत नाही, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर भीतीने ताठ झालेलं असतं. ते दिसतं फक्त त्याला, ज्याने रोजची सवय पाहिलेली असते.

चिंगी मागच्या वर्षी ताटलीपर्यंत जाऊन नुसती हुंगून परत येऊ लागली. दोन वेळा असं झालं, तिसऱ्या वेळी मी तिला टोपलीत घातलं. दाढा खराब झाल्या होत्या, दोन काढाव्या लागल्या. त्यानंतर दहा दिवस औषध. रोज सकाळ-संध्याकाळ तिला टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंड उघडून घशाखाली गोळी घालायची. इतक्या वर्षांत जे मी कधी केलं नव्हतं ते सगळं, दिवसातून दोनदा. ती चावली नाही. पण संध्याकाळी यायची बंद झाली, आणि यायला लागली तेव्हा दाराजवळ बसायची, तोंड माझ्याकडे करून, माझे हात बघत.

औषध संपलं. मी तिला हात लावला नाही, हाकही मारली नाही. माझ्या जागी बसून वाचत राहिले. ती रोज थोडी आत येत गेली, तरी तोंड माझ्याचकडे, कान पुढे. सव्वीस दिवस मी मोजले. सत्ताविसाव्या संध्याकाळी ती आली, दोन-तीन हातांवर थांबली, पुढचा पंजा चाटला आणि माझ्याकडे पाठ करून बसली.